कोऱ्या फ्लास्कातलं लिथियम

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो हे गोंदियात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण तास संपल्यावर मी प्रयोगशाळेत नेमकं काय करायचो, ते माझ्या बायकोलाही धड सांगता येत नाही. कोणी विचारलं की ती म्हणते, "खारं पाणी ढवळत बसायचे." नोकरीत असताना मला या वाक्याचा फार राग यायचा. आता निवृत्तीनंतर माझे जुने शोधनिबंध चाळले, तर माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन त्यात एकाही ठिकाणी नाही.

संपादकांनी कामातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बहुतेक दुसऱ्यांच्या फजितीच्या असल्यामुळे मला तोंडपाठ आहेत. एक मात्र माझ्या स्वतःच्या फजितीची आहे. ती मी गुपचूप गाळली असती, पण आमच्या प्रयोगशाळेतले परिचर शालिकराम दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. त्यांच्यापुढे माझी लपवाछपवी आजवर कधी चाललेली नाही.

आधी धंदा समजावून सांगतो.

लिथियम आता प्रत्येकाच्या खिशात आहे, मोबाइलच्या बॅटरीत. जगात ते बरंचसं खाऱ्या पाण्यात विरघळलेल्या मिठाच्या रूपात सापडतं. अडचण अशी की त्या पाण्यात लिथियम चिमूटभर असतं आणि आपल्या जेवणातल्या मिठातलं सोडियम पोतंभर. दोघं एकाच कुळातले सख्खे भाऊ. वागणं, बोलणं, विरघळणं सगळं सारखं. त्या गर्दीतून नेमका धाकट्याचा हात धरून त्याला बाहेर काढायचं आणि थोरल्याला चुकूनही धक्का लावायचा नाही, हे आमचं काम. धाकटा अंगाने लहान, पण स्वभावाने हट्टी. पाण्यात पडला की पाण्याचे रेणू स्वतःभोवती असे गुंडाळून घेतो की तो मुळात आत आहे की नाही, असा संशय यावा.

त्याला धरण्यासाठी आम्ही एक रेणू बनवायचो. पायरोल नावाचा एक उग्र वासाचा द्रव असतो. बाटली उघडी राहिली तर रागावल्यासारखा काळा पडत जातो. तो आणि ॲसिटोन, म्हणजे ज्याने बायका नखांचा रंग पुसतात ते, थोड्या आम्लात एकत्र केले की पायरोलचे चार रेणू हात धरून गोल बसतात आणि मधे खळगा तयार होतो. प्रयोगशाळेत आम्ही त्याला सरळ वाटी म्हणायचो. या वाटीत क्लोराइड आवडीने येऊन बसतो. वाटीवर एक कमान बांधली की कमानीखाली लिथियमची जागा होते. दोघांची सोय एकाच ठिकाणी कशाला, असं कोणी विचारेल. तर मिठात लिथियम एकटा कधीच नसतो, क्लोराइड त्याच्या जोडीला असतोच. जावयाला पंगतीत पाट मांडला आणि मुलीला दारात उभं ठेवलं, तर जावई किती वेळ बसेल? दोघांना पाट मांडला तरच जोडपं जेवून उठतं.

सगळी कसरत त्या कमानीत. जरा उंच झाली की सोडियम घुसतो, जरा ठेंगणी झाली की कोणीच फिरकत नाही. कागदावर कमान आखायला एक दुपार पुरते. ती फ्लास्कात बांधायला वर्ष जातं आणि वर्षाच्या शेवटी बाटलीच्या तळाशी बोटभर पांढरी पूड दिसते. ती पूड खरंच आपल्याला हवी तीच आहे का, हे तपासायचं यंत्र नागपूरला. ओळखीचा कोणी त्या बाजूला निघाला की बाटली त्याच्या खिशात, आणि निकाल येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. शालिकराम त्या पुडीकडे बघून म्हणायचे, "सर, वर्षभरात एवढंच? यात त वरणाले बी मीठ नाही पुरत."

माझे वडीलही याच मताचे होते. आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पाळ कुठे घालायची, पाणी कुठून सोडायचं, हे आमच्याकडे म्हातारी माणसं नुसती जमीन चालून सांगत. वडील एकदा प्रयोगशाळेत आले, माझा फ्लास्क गरगरताना पाहिला आणि म्हणाले, "आपल्या लोकायनं पाणी अडवलं. तू पाण्यातलं मीठ अडवून राहिला. कायले?" मी त्यांना मोबाइल, बॅटरी, देशाची गरज असं बरंच ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग निघालं का?" तेव्हा निघालं नव्हतं.

एका वर्षी गावातल्या वर्तमानपत्रात माझ्याबद्दल चार ओळी छापून आल्या. बातमी अशी लिहिली होती की वाचणाऱ्याला वाटावं, गोंदियाच्या जमिनीखाली लिथियमच लिथियम आहे आणि ते कुठे आहे हे फक्त मला माहीत आहे. त्यानंतर पंधरा दिवस माझ्या दारात बोअरच्या पाण्याच्या बाटल्यांची रांग होती. एक गृहस्थ जवळच्या नागऱ्याहून विहिरीचं पाणी स्टीलच्या डब्यात झाकून, वरून रुमाल बांधून घेऊन आले. ते मी तपासलं. पाणी उत्तम होतं, पिण्यासाठी. हे ऐकून ते फार खट्टू झाले.

सगळ्यांवर कडी केली एका भंगारवाल्या सेठने. त्यांनी जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्यांचं पोतंच आणून टेबलावर ठेवलं. त्यातल्या काही पुरीसारख्या फुगलेल्या. शालिकरामांनी लगेच पोतं उचललं आणि बाहेर वाळूच्या ढिगावर नेऊन ठेवलं. मी सेठना समजावलं की आधी या उघडाव्या लागतील, तेही जपून, नाहीतर पेट घेतील. मग आम्लात विरघळवायच्या, मग दुसरे धातू बाजूला काढायचे, आणि मग कुठे माझं काम सुरू होणार.

"वो सब छोडो प्रोफेसर साब," सेठ म्हणाले. "आपका वो पावडर थोडा इसपे छिडक दो बस."

मी त्यांना बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, चष्मा लावून परत बघितली.

"बस इत्ता सा?"

"साल भर में इतना ही होता है, सेठजी."

"और तनखा पूरी?"

मी बाटली परत घेऊन कपाटात ठेवली. शालिकराम मात्र बाहेर वाळूजवळ उभे राहून हसत होते, ते मला खिडकीतून दिसत होतं.

आता कल्पनाबद्दल. ती आमगावची, धानाची शेती करणाऱ्या घरातली. माझ्याकडे पीएच.डी. करायला आली तेव्हा तिच्याआधीच्या विद्यार्थ्यांच्या सोळा वाट्या बनवून झाल्या होत्या आणि सोळाही निकामी ठरल्या होत्या. ती रोज सकाळच्या गाडीने गोंदियाला यायची, डबा खिडकीत ठेवायची आणि कामाला लागायची. हात स्थिर, बोलणं कमी, आणि एक सवय अशी की माझ्या अंगावर काटा यायचा. ती वहीत सगळं लिहायची. सगळं म्हणजे सगळं. 'शालिकरामभाऊ शिंकले, थोडी पूड उडाली.' 'सरांनी चहाचा कप वजनकाट्याच्या टेबलावर ठेवला, वजन परत घेतलं.' मी एकदा म्हटलं, "अगं, ही प्रयोगाची वही आहे, चुगल्यांची नाही." ती म्हणाली, "सर, झालं ते लिहून राहिले. मीपण शिंकले तर लिहीन."

सतरावी वाटी तिने बनवली. कमान तिने माझ्या आराखड्यापेक्षा किंचित वेगळी बांधली, आणि वाटीने लिथियम धरलं. किंचित आम्ल घातलेलं खारं पाणी वर, वाटी विरघळवलेलं, पाण्यात न मिसळणारं क्लोरोफॉर्म खाली, दोन्ही काही तास ढवळायचं. वाटी वरच्या पाण्यातून लिथियम घेऊन खाली येते. मग ते क्लोरोफॉर्म साध्या पाण्याने धुतलं की वाटी लिथियम सोडते. ते पाणी ज्योतीत फवारायचं आणि ज्योतीच्या रंगावरून यंत्राचा काटा सांगतो, लिथियम किती.

या सगळ्यात एक कोरा फ्लास्क असतो. त्यात खारं पाणी तेच, वाटी तीच, ढवळणं तेवढंच, फक्त लिथियम घालायचं नाही. त्यातून शून्य आलं पाहिजे. आमच्या जुन्या यंत्राचा काटा सोडियम फार झालं तर त्यानेही हलायचा, म्हणून तो हलला तर वाटी सोडियमला लिथियम समजून उचलते आहे, म्हणजे वाटी खोटी. कल्पनाच्या कोऱ्या फ्लास्काचं शून्य आलं. मी त्या दिवशी विभागात सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

आमचं ढवळायचं यंत्र जुनं होतं. वर मोटर आणि तिच्यातून खाली फ्लास्कात जाणारी काचेची दांडी. त्याच सुमारास ते रडायला लागलं. कुई, कुई, कुई, दिवसभर. माझी खोली भिंतीपलीकडे. मला तसंही कमी ऐकू येत नाही आणि स्वभाव तापट. तिसऱ्या दिवशी मी दार उघडून ओरडलो, "शालिकराम, एकतर ते रडणं बंद करा नाहीतर मला बंद करा." दुसऱ्या दिवशी यंत्र शांत झालं. शालिकराम दारात येऊन म्हणाले, "काऊन सर, झाला ना बंद?" मी म्हटलं, शाब्बास. काय केलं ते विचारलं नाही. ज्याला नको तो आवाज बंद झाला, त्याला पुढच्या चौकशा सुचत नाहीत.

त्यानंतर कल्पनाने सगळे प्रयोग परत लावले, आणि कोऱ्या फ्लास्कातून लिथियम आलं.

एकदा नाही, तीनदा. थोडंच, पण काटा स्पष्ट हलत होता. जिथे लिथियम घातलंच नाही तिथून लिथियम. मी खारं पाणी बदललं, मीठ बदललं, क्लोरोफॉर्मची बाटली बदलली. काटा हलायचा तो हलायचाच. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. वाटी खोटी आहे, ती पहिल्यापासून सोडियमच उचलते आहे, मग पहिल्यांदा शून्य आलं कसं?

हे मी तिला माझ्या खोलीत विचारायला हवं होतं. मी विचारलं विभागाच्या बैठकीत, विभागप्रमुख आणि दोन सहकारी समोर बसलेले आणि शालिकराम चहा देत असताना. "ते पहिलं शून्य तू मोजलं होतंस की मनानेच लिहिलं होतंस?"

तिने वहीवर हात ठेवला. मग म्हणाली, "सर, जे आलं ते लिहिलं. मधे काहीतरी बदललं असेल. वही बघा, सगळं लिहिलेलं आहे."

"वहीत काय, काहीही लिहिता येतं," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. काही दिवसांनी कळलं की आमगावात एका शाळेत शिकवायला लागली. मी लोकांना सांगत सुटलो, लग्नाबिग्नाचं चाललं असेल. हे खोटं होतं आणि बोलताना मला ते माहीत होतं. त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्या कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी फोन करून विचारलं, ती आमच्याकडे येऊ म्हणते, मुलगी कशी आहे? मी म्हणालो, "हुशार आहे, पण आकड्यांच्या बाबतीत जरा जपून." त्यांनी तिला घेतलं नाही. माझ्या दोन वाक्यांनी तिची दोन दारं बंद झाली, आणि त्यातलं दुसरं मी चहाचा घोट घेता घेता बोललो होतो. आजही त्याची लाज वाटते.

सतराव्या वाटीच्या बाटलीवर मी लाल शाईने 'खोटी' असं लिहिलं आणि ती कपाटात मागे सरकवली. यंत्र झाकून ठेवलं. तीन वर्षं गेली.

निवृत्तीला चार महिने उरले असताना मी नात्यातल्या एका कार्यक्रमाहून परतत होतो. कोहमाऱ्याच्या आसपास गाडीच्या पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. आवाज मला सहन होत नाही हे सांगितलंच आहे. चौकातल्या पहिल्या गॅरेजसमोर गाडी लावली. मिस्त्रीने चाक खोललं, कान लावला.

"बेरिंग रडून राहिली, सर. ग्रीस सुकून गेला."

त्याने डब्यातून बोटभर ग्रीस काढलं आणि बेरिंगमधे चोळायला लागला. मला काही काम नव्हतं. डब्यावर जे लिहिलं होतं ते वाचलं. मग जवळ जाऊन परत वाचलं. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, लिथियम ग्रीस.

"यात लिथियम कशाला?" मी विचारलं.

"मले काय मालूम? लिहून आहे त असन. पण हा पाण्यानं धुऊन नाही जात, म्हणून ट्रकवाले हाच मागतेत." मग त्याने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कालेजातले सर ना? आमचे जिजाजी शालिकराम तुमच्याचकडं आहेत. तुमच्याकडं बी हाच ग्रीस आहे की. तीनेक वर्सं झाले, मीच देल्ला होता भरून, बिस्किटाच्या डब्यात. म्हणे मशीन लय बोंबलून राहिली, सरायचं डोस्कं फिरलं."

मी गॅरेजच्या बाकावर बसलो. तेल जागेवर थांबत नाही म्हणून त्यात एक प्रकारचा साबण घालून ते दाट करतात. तो साबण बहुतेकदा लिथियमचा असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नोकरीभर मी परीक्षेत 'लिथियमचे उपयोग लिहा' हा प्रश्न घालत आलो होतो, आणि 'वंगणात' असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देत आलो होतो. मोटर तापली की ते ग्रीस दांडीवरून पाझरत फ्लास्कात उतरायचं, आमच्या पाण्यातल्या आम्लाने साबण फुटायचा आणि लिथियम मोकळं व्हायचं. लिथियम शोधणाऱ्या माणसाने आपल्या यंत्राला लिथियम चोपडून घेतलं होतं, आणि तेही आवाज नको म्हणून.

परत येऊन मी आधी वही काढली. कल्पनाच्या अक्षरात, पहिल्या शून्यानंतर आणि पहिल्या खोट्या आकड्याच्या आदल्या दिवशी, एकच ओळ होती. 'आज शालिकरामभाऊंनी यंत्राला ग्रीस लावलं. आवाज बंद. सर खूश.'

तीन वर्षं ही ओळ माझ्या कपाटात होती. तिने मला सांगितलंही होतं, वही बघा.

बिस्किटाचा डबा अजून कपाटावरच होता. मी ग्रीसचा एक ठिपका खाऱ्या पाण्यात टाकला, थोडं आम्ल घातलं, 'खोटी' लिहिलेल्या बाटलीतली पूड क्लोरोफॉर्ममधे विरघळवली, सगळं एका बाटलीत घालून हातानेच हलवलं. काटा उसळला. वाटीशिवाय तेच केलं, काटा जेमतेम थरथरला. म्हणजे बिचारी सतरावी वाटी पोतंभर सोडियम बाजूला सारून ग्रीसच्या ठिपक्यातलं लिथियमसुद्धा वेचून आणत होती, आणि मी तिला खोटी म्हणत होतो. मी प्रयोगशाळेत एकटाच टाळ्या वाजवत फिरलो.

शालिकराम आत आले. मी सगळं सांगितलं. त्यांचं तोंड पडलं. "म्हंजे माझ्यानं झालं, सर?"

"तुमच्याने नाही. आवाज मला नको होता."

त्यांनी बिस्किटाचा डबा उचलून त्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "मंग आमगावले कवा जाता?"

दुसऱ्याच दिवशी गेलो. कल्पना शाळेतून नुकतीच आली होती. तिच्या आईंनी पाणी दिलं आणि आत जाता जाता त्या पोवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या. ते मला समजलं नाही, आणि मला समजू नये म्हणूनच त्या पोवारीत बोलल्या असणार. मी खुर्चीच्या टोकावर बसून सगळी हकिकत रंगवून सांगितली. गॅरेज, डबा, वहीतली ओळ, उसळलेला काटा. त्या फोनवर मी काय बोललो होतो तेही सांगितलं. मग माफी मागितली. माझी अपेक्षा होती की ती रडेल, किंवा हसेल, किंवा निदान चहा सांगेल.

"झालं?" तिने विचारलं.

"हो."

"ग्रीस टाकलं त लिथियम आलं. ग्रीस न टाकता काय आलं?"

"म्हणजे?"

"यंत्र धुऊन, साधा कोरा फ्लास्क परत लावला का तुम्ही?"

मी लावला नव्हता. सुचलंच नव्हतं.

"मग माझं शून्य खरं होतं, हे कशावरून?"

"अगं, आता ते स्पष्टच आहे ना."

"तेव्हाही तुम्हाला स्पष्टच होतं, सर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तेव्हा न तपासता मला खोटी ठरवलं. आता न तपासता खरी ठरवून राहिले. मला दोन्ही नको. आधी तपासा. आणि माफी इथं कायले मागता? बोलले होते चौघांसमोर. तिथंच मागा."

एवढं बोलून ती उठली आणि चहा टाकायला आत गेली. चहा चांगला होता. तो पिता पिता मी दिवस विचारला.

तिने रविवार दिला. विभागप्रमुख, ते दोन सहकारी आणि शालिकराम, चौघांनाही मी बोलावलं. कारण विचारलं तर म्हटलं, या, कळेल. नवीन यंत्र वापरू या, असं मी सुचवलं. कल्पना म्हणाली, जुनंच पाहिजे, तेव्हा जे होतं तेच. शालिकरामांनी ते सगळं खोललं, एकेक भाग घासून धुतला. शेवटी दांडी इतक्या वेळा पुसली की मला वाटलं काच झिजेल. ग्रीस नाही म्हटल्यावर यंत्र सुरू होताच रडायला लागलं. कुई, कुई, कुई. तीन तास. चार सुशिक्षित माणसं आणि एक परिचर भिंतीला टेकून ते ऐकत बसलो होतो. विभागप्रमुखांनी एकदा कानात बोटं घातली आणि माझ्याकडे बघून काढून घेतली.

मी बाहेरून शांत होतो, आतून नाही. समजा काटा हलला तर? समजा खोट ग्रीसमधे नव्हतीच, दुसरीकडेच कुठे होती, तर? मग मी या मुलीला दुसऱ्यांदा चौघांसमोर उभं केलं होतं. एवढी भीती मला माझ्या स्वतःच्या पीएच.डी.च्या मुलाखतीतही वाटली नव्हती. कल्पना खिडकीपाशी बसून वहीत लिहीत होती. काय लिहीत होती कोण जाणे, शिंका मोजत असेल.

ढवळणं थांबलं. थर वेगळे केले. क्लोरोफॉर्म पाण्याने धुतलं. शालिकरामांनी गॅस चालू केला, ज्योत निळी स्थिर झाली. आधी लिथियम घातलेलं ओळखीचं पाणी फवारलं, यंत्र शुद्धीवर आहे ना ते बघायला. काटा उसळला आणि खाली आला. मग कोऱ्या फ्लास्कातलं.

ज्योत निळीच राहिली. काटा शून्यावर बसून होता. मी यंत्रावर टिचकी मारली. तो हलला नाही. शालिकरामांनी ज्योतीला हात जोडले आणि लगेच इकडे तिकडे बघून खाली घेतले.

कल्पना उठली, काटा स्वतः वाकून बघितला, आकडा लिहिला, वेळ लिहिली. मग वही मिटली आणि माझ्याकडे वळली.

"आता मागा, सर."

त्या खोलीत मी पस्तीस वर्षं शिकवलं होतं. शब्दांसाठी कधी अडलो नव्हतो. त्या दिवशी अडलो. मी म्हणालो, "कल्पनाचं पहिलं शून्य खरं होतं. ती खरं लिहीत होती आणि मी वाचत नव्हतो. इथे, तुमच्यासमोर मी तिला खोटं ठरवलं, आणि दुसऱ्या कॉलेजलाही तेच सांगितलं. तिथे उद्या मी स्वतः जाऊन हे सांगणार आहे. कल्पना, माझं चुकलं. मला माफ कर." विभागप्रमुख छताकडे बघायला लागले.

कल्पनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून डबा काढून खिडकीत ठेवला, वही परत उघडली आणि नवीन पानावर तारीख घातली.

"अजून दोनदा करावं लागते, सर," ती म्हणाली. "एकदाच आलेलं आपण धरत नाही."

शून्य की माफी, ते तिने सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी दोन्ही आणखी दोनदा केलं.